‘गुरांचे दात’ व इतर वस्तू

आमच्या बाहेरच्या खोलीत सध्या एक बगळा उभा आहे. तो पेंढा भरलेला आहे, एका पायावर आहे आणि मेलेला आहे. यातली शेवटची गोष्ट कुणाच्याही लक्षात येईल अशी आहे, तरी ती मला सरकारदरबारी सिद्ध करावी लागली. येणारे-जाणारे आधी बगळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि विचारतात, “छंद वाटतं?” या प्रश्नाने माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मला कसलाही छंद नाही. छंद असलेल्या माणसांबद्दल माझं जे मत आहे ते तोंडावर सांगण्यासारखं नसल्यामुळे इथे सविस्तर लिहून ठेवतो.

मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. कुणाचं घर जळतं, कुणाच्या दुकानात पाणी शिरतं. मग मी जातो, प्रत्येक कपाट, प्रत्येक पेटी उघडायला लावतो आणि आतल्या वस्तूच्या किमतीतून घसारा वजा करतो. लोक डोळे पुसत सांगतात, साहेब, हे टेबल आजोबांचं होतं. मी म्हणतो, मग तर काहीच मिळणार नाही. आमच्या धंद्यात जुनं म्हणजे कमी आणि फार जुनं म्हणजे शून्य. हा नियम इतका स्वच्छ आहे की मी तो माणसांनाही लावतो आणि क्वचितच चुकतो. असं असताना जगात अशीही काही माणसं आहेत की वस्तू जितकी मोडकी आणि कळकट, तितके जास्त पैसे मोजतात आणि वर त्याला अभिरुची म्हणतात. अशा माणसांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी असं मला वाटायचं. पुढे कळलं की तशी खोली असते आणि तिला लिलावगृह म्हणतात.

या जमातीचा मला जवळून माहीत असलेला नमुना म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते पाइप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी अधिकारी आहेत. आठवडाभर कारखान्यासाठी खरेदी करून त्यांचं समाधान होत नाही, म्हणून सुटीच्या दिवशी स्वतःसाठी करतात. कुठल्याही वस्तूकडे डोळे बारीक करून बघायचं आणि “दुर्मीळ आहे” म्हणायचं हा त्यांचा परिपाठ. त्यामुळे मी मनातल्या मनात त्यांना दुर्मीळराव म्हणतो. त्यांच्याकडे जुन्या पोस्टकार्डांचा संग्रह आहे आणि पाहुण्यांना तो बघावाच लागतो. आधी साबणाने हात धुवायचे, मग पांढरे सुती हातमोजे चढवायचे, मग भिंग घ्यायचं, आणि वाचायचं काय, तर ‘सुखरूप पोचलो. छत्री विसरली आहे, पाठवून देणे.’ परक्याची पत्रं वाचू नयेत असं मला आईवडिलांनी शिकवलं. दुर्मीळराव ती विकत घेऊन वाचतात. एकदा मी विचारलं, मिळाली का हो शेवटी छत्री? त्यांनी माझ्या हातातलं भिंग तेवढं काढून घेतलं.

हेही मी चालवून घेतलं असतं, पण मधे सासरे होते. आमचे सासरे म्हणजे गुरांचे निवृत्त डॉक्टर. दोन्ही जावई त्यांना सारखेच, असं ते म्हणतात. गेल्या वाढदिवसाला मी त्यांना शेकायची रबरी पिशवी दिली आणि दुर्मीळरावांनी खिशात ठेवायचं जुनं घड्याळ दिलं. पिशवी पहिल्याच वापरात अंथरुणात गळली, आणि त्यावर सगळं घराणं महिनाभर बोललं. घड्याळ मुळात चालतच नव्हतं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सासरे ते कोटाला लावून मिरवतात आणि वेळ मला विचारतात. येत्या वाढदिवशी त्यांना ऐंशी पूर्ण होत होती, आणि या खेपेला सगळ्या गोतावळ्यासमोर दुर्मीळरावांचं नाक ठेचायचंच, असा मी चंग बांधला होता.

आता सासऱ्यांच्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. उमेदीच्या काळात त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं: ‘गुरांचे दात’. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत असं म्हणतात. सासऱ्यांनी नोकरीभर धर्माच्या, अधर्माच्या, सगळ्याच गायींचे मोजले, आणि त्यावरून जनावराचं वय कसं ओळखावं ते आकृत्यांसह लिहून काढलं. प्रकाशक मिळेना, तेव्हा पदरमोड करून छापलं. पदर सासूबाईंचा होता. त्यांचं शिवणाचं मशीन विकून छपाईचं बिल भागवलं. भेट म्हणून वाटल्या तेवढ्या प्रती गेल्या, विकत कुणी घेतली नाही. गुरं पाळणाऱ्यांना वय माहीत होतं आणि न पाळणाऱ्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. तेव्हापासून त्या घरात वादाला कुठूनही तोंड फुटो, अगदी आमटीतल्या मिठावरून फुटो, शेवट ‘गुरांच्या दातां’वर व्हायचा. कुत्र्यानेसुद्धा हुंगलं नाही ते पुस्तक, असं सासूबाई म्हणायच्या आणि सासरे पेपर तोंडासमोर धरायचे. अखेर उरलेल्या प्रती घराबाहेर काढायचं फर्मान सुटलं. “करतो बंदोबस्त,” सासरे म्हणाले, आणि प्रती दिसेनाशा झाल्या. सगळ्यांनी धरून चाललं की रद्दीवाल्याने नेल्या. घरात औषधालासुद्धा एक उरली नाही.

पुढे सासरे-सासूबाई लहान घरात राहायला गेले, तेव्हा सासऱ्यांची एक लोखंडी ट्रंक आमच्याकडे आली. “जपून ठेवा,” एवढंच ते म्हणाले. बायकोला वाटलं आत औजारं असतील, मला वाटलं गरम कपडे. सासऱ्यांची ट्रंक जावयाने उघडायची नसते, जपायची असते. म्हणून आम्ही तिच्यावर चादर घालून टीव्ही ठेवला. परक्या माणसांच्या पेट्या उघडायला लावून पोट भरणारा मी, कित्येक वर्षं त्या ट्रंकेसमोर बसून बातम्या बघत होतो. हे आता लिहिताना मला स्वतःचाच घसारा काढावासा वाटतो.

असो. वाढदिवसाच्या थोडं आधी ऑफिसात माझ्या टेबलावर एका लिलावगृहाचा कॅटलॉग येऊन पडला. त्यांच्या मालाचा विमा आमच्याकडे असतो. सहज चाळत असताना एका लॉटखाली वाचलं: ‘गुरांचे दात (पुस्तक, अत्यंत दुर्मीळ, कोपरे किंचित कुरतडलेले), जुन्या पोस्टकार्डांची पेटी, दुर्बीण, एका बाजूने बंद, बगळा, पेंढा भरलेला.’ मी खुर्चीतच उडालो. सासऱ्यांना त्यांचं हरवलेलं पुस्तक परत मिळवून देणारा जावई! यापुढे बंद घड्याळाची काय मातब्बरी?

मी लगेच फोन करून विचारलं, नुसतं पुस्तक मिळेल का. पलीकडचे कारकून म्हणाले, लॉट फुटत नाही, चारही वस्तू एकत्रच घ्याव्या लागतील. मी म्हटलं, बगळा तुम्हीच ठेवा, वर काही मागत नाही. ते म्हणाले, बगळा आमच्याकडे बरीच वर्षं आहे, आम्हालाही तो ठेवायचा नाही.

बोली लावायची तर आधी नाव नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा. आमच्या घराचं विजेचं बिल अजून मूळ मालकाच्या नावावर येतं. कारकून म्हणाले, मग त्या गृहस्थांचं संमतीपत्र आणा. म्हटलं, ते वारले. मग त्यांच्या मृत्यूचा दाखला आणा. तो त्यांच्या मुलाकडून मिळवताना त्याला वाटलं मी घरावर काही हक्क सांगतोय, आणि त्याने वकिलाची नोटीस पाठवली. नोटिशीवर माझं पूर्ण नाव आणि पत्ता होता. कारकुनांनी तीच पुरावा म्हणून ठेवून घेतली. शिवाय बँकेकडून माझी पत असल्याचं पत्र हवं होतं. बँकेच्या मॅनेजरनी माझं खातं उघडून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि अत्यंत सौजन्याने विचारलं की पत्रात ‘पत’ हाच शब्द हवा का, की ‘आम्ही यांना ओळखतो’ एवढ्याने भागेल.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर वर येऊन सांगून गेले की तिथे नाकाला हात लावाल तर बोली समजतात, म्हणून हातावर बसून राहा. ते आयुष्यात कधी लिलावाला गेलेले नाहीत, पण न गेलेल्या ठिकाणांविषयी त्यांचा अभ्यास दांडगा आहे. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, जुने कपडे घालून जा, म्हणजे भाव वाढवणार नाहीत. त्यांचे यजमान म्हणाले, कोट घालून जा, नाहीतर दारातूनच परत पाठवतील. दोघांचाही मान राखावा म्हणून मी वर लग्नातला कोट आणि खाली घरात रंगकाम करताना वापरतो ती पँट, असा गेलो. बायकोने आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, “अहो, खर्च करा, पण ओट्याच्या पैशांना हात लावू नका.” आमचा स्वयंपाकघरातला ओटा मधोमध तडकलेला आहे, आणि तो बदलण्यासाठी तिने पैसे साठवले होते. मी म्हटलं, गुरांच्या दातांना कोण विचारतंय? मिळतील चणेफुटाण्यांच्या भावात.

लिलावाचा हॉल म्हणजे घडीच्या खुर्च्या, दमट भिंती आणि आयुष्यात दुसरं काही न जमलेली माणसं. प्रत्येकाच्या हातात नंबराची पाटी आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपल्याला काहीही नको आहे. एका माणसाने कान तुटलेला कप घेतला आणि दुसऱ्याने त्याचं अभिनंदन केलं. भिंतीलगतच्या टेबलापाशी एक मुलगी फोन कानाला लावून बसली होती. काही बडे ग्राहक म्हणे हॉलमध्ये येत नाहीत, घरी पाय पसरून फोनवरून बोली लावतात, आणि ही मुलगी त्यांच्या वतीने हात वर करते.

आमचा लॉट आला. मी पाटी वर केली. लिलाव पुकारणारे गृहस्थ हातोडी आपटणार, एवढ्यात फोनवाल्या मुलीने हात वर केला. मी पुन्हा पाटी वर केली, तिने पुन्हा हात. आकडा चणेफुटाण्यांच्या बराच पुढे गेला, तेव्हा मी पाटी मांडीवर ठेवली आणि ठरवलं की जाऊ दे, सासऱ्यांना मफलर देऊ. तेवढ्यात त्या मुलीने फोनवर हात ठेवून पुकारणाऱ्यांना विचारलं, “साहेब विचारतायत, प्रत नक्की दुर्मीळ आहे ना?”

साहेब घरी हातमोजे घालून बसले आहेत, हे मला लख्ख दिसलं. म्हणजे याही वर्षी तेच देणार, याही वर्षी टाळ्या त्यांनाच, आणि मी मफलर घेऊन कोपऱ्यात. मी पाटी जी वर केली ती खाली आणलीच नाही. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हाताने आधार दिला. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. कुणी तरी कुजबुजलं, की दातांवर बरंच संशोधन चाललंय म्हणतात परदेशात. शेवटी ती मुलगी फोनमध्ये काहीतरी बोलली, तिने मान हलवली आणि हातोडी पडली. टाळ्या वाजल्या. त्या लिलावगृहात एका पुस्तकाला तेवढी किंमत पूर्वी कधी आली नव्हती असं पुकारणाऱ्यांनी जाहीर केलं. मी उभा राहून मान लववली, आणि तेव्हा सगळ्यांना माझी पँट दिसली.

ओटा गेला, हे मला काउंटरवर कळलं. बोलीच्या वर लिलावगृहाचं कमिशन, कमिशनवर कर, आणि बगळा ठेवून घेतल्याचं भाडं, तेही माझ्याच बोडक्यावर. पुस्तक मी कोटाच्या आत लपवलं. दुर्बीण आणि पोस्टकार्डं पिशवीत मावली. बगळा मावला नाही. टॅक्सीवाल्याने त्याला पुढच्या सीटवर बसवला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

घरी बायकोने बगळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तडकलेल्या ओट्यावर दोन कप आपटून चहा केला. ती काही बोलली नाही. आमच्याकडे ही फार वाईट लक्षणं मानतात. बोलले ते कॅशियर. वन्य पक्षी विनापरवाना घरात ठेवणं गुन्हा आहे असं त्यांनी मला बजावलं, आणि मी खबरदारी घेण्याआधी त्यांनीच ती घेऊन वनखात्याला कळवलं. वनखात्याचे अधिकारी आले. पक्षी कधी मेला, कशाने मेला आणि मेल्याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघा ना त्याच्याकडे. ते म्हणाले, आमच्या बघण्याला अर्थ नाही, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागेल.

म्हणून सासऱ्यांना बोलावून आणलं. त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या, बगळ्याचे डोळे, पंख, पाय सगळं रीतसर तपासलं. मग चोच उघडून आत पाहिलं आणि खिन्न झाले. “पक्ष्यांना दात नसतात हो,” ते म्हणाले, “नाहीतर वय सांगितलं असतं.” त्यांनी दाखल्यात लिहिलं, ‘तपासणीअंती पक्षी मृत आढळला. मृत्यू फार पूर्वी झालेला असावा.’ अधिकाऱ्यांनी त्यावर शिक्का मारला. जाताना सासऱ्यांनी टीव्हीखालच्या ट्रंकेवरची चादर जरा सारखी केली. मला वाटलं, म्हातारा माणूस, टापटिपीची आवड.

वाढदिवसाला आमच्याकडे दोन्ही मुली, दोन्ही जावई, झाडून सगळे नातेवाईक जमले. दुर्मीळरावांनी तपकिरीची जुनी डबी दिली. सासऱ्यांना तपकिरीने शिंका येतात, तरी सगळे वा वा म्हणाले. मग मी पुढे झालो आणि कागदात गुंडाळलेलं पुस्तक सासऱ्यांच्या हातात ठेवलं. दुर्मीळरावांनी ते कागद सुटण्याआधीच ओळखलं. त्यांचा चेहरा तपकिरीच्या डबीसारखा झाला, आणि त्या क्षणी मला ओटा, नोटीस, वनखातं, सगळं भरून पावल्यासारखं वाटलं.

सासरे बराच वेळ कुरतडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत बसले. “कुठे मिळालं?” त्यांनी विचारलं. मी लिलावाचं सांगितलं. केवढ्याला, तेही सांगितलं. बायको स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून सांगितलं. सासूबाईंच्या हातातला चमचा थांबला.

“इतके कसे झाले?” सासरे म्हणाले. “लिलावात समोर कुणीतरी असल्याशिवाय भाव चढत नाही. कोण होतं समोर?”

अख्ख्या आयुष्यात दुर्मीळरावांची मानगूट अशी माझ्या हातात कधी आली नव्हती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण सासरे माझ्याकडे बघत होते. त्या पुस्तकासाठी जगात दोन माणसं अडून बसली, हे त्यांना एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आणि ती दोन माणसं म्हणजे त्यांचेच दोन दिवटे जावई, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मला माझाच राग आला.

“फोनवर कुणीतरी होतं, बाबा,” मी म्हटलं. “मोठा जाणकार असणार.”

दुर्मीळराव खाली बघत होते. सासरे खुर्चीत ताठ झाले आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, “ऐकलंस? दोन माणसं.” मग सासऱ्यांनी सासूबाईंकडे किल्ल्यांचा जुडगा मागितला. “आता मागणी आली आहे,” ते म्हणाले. “उरलेल्या काढायला हरकत नाही.”

पुढचं वर्णन करवत नाही. टीव्ही उतरवला, चादर काढली, ट्रंक उघडली. आत हिरव्या कापडी बांधणीत, डांबराच्या गोळ्यांसकट, ‘गुरांचे दात’ काठोकाठ भरलेले. मी ज्याच्यासाठी ओटा घालवला, ते माझ्याच टीव्हीला खालून टेकू देत होतं. बायकोने ट्रंकेत बघितलं आणि भिंतीला टेकून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ओट्याविषयी ती पुढे कधी बोलली नाही. नुसती ट्रंकेकडे बघते.

सासऱ्यांनी सगळी ट्रंक लिलावाला पाठवली. लिलावगृहाने आनंदाने घेतली. मागच्या विक्रमी बोलीचा उल्लेखही कॅटलॉगात छापला. किमान भाव किती धरू, असं त्यांनी विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, धरू नका, मागणीच ठरवेल. आणि त्या दिवशी स्वतः जाऊन पहिल्या रांगेत बसणार असं सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मी येते, पण मागे बसेन. असला तमाशा जवळून बघायचा नाही मला.

मी आणि दुर्मीळराव एका हॉटेलात चहाला भेटलो. आमच्या नात्याच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

“साडूबुवा,” ते म्हणाले, “एकही हात वर झाला नाही तर म्हातारा खचेल.”

“तुम्ही सुरुवात करा,” मी म्हटलं, “मी चढवतो.”

चहा संपेपर्यंत आमचा तह झाला. फक्त शेवटी ट्रंक कुणाच्या गळ्यात पडायची, हा मुद्दा दोघांनीही काढला नाही.

लिलावाच्या दिवशी सासरे कोट घालून, बंद घड्याळ लावून पहिल्या रांगेत बसले. आम्ही दोघं मागे, मधल्या रांगेच्या दोन टोकांना. लॉट पुकारला गेला. मी दुर्मीळरावांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिला हात करणारा अडकतो, हे खरेदी अधिकाऱ्याला आणि विमेवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पुकारणाऱ्यांनी भाव खाली आणला. कुणी हललं नाही. आणखी खाली आणला. कान तुटलेल्या कपाचा मालक जांभई देत होता. सासऱ्यांची मान ताठच होती, पण मागून त्यांचे कान लाल होताना दिसत होते. भाव जवळजवळ रद्दीच्या दराला टेकला, तरी आम्ही दोघं सुशिक्षित, मिळवते जावई एकमेकांच्या हाताकडे बघत बसलो होतो. मी आजवर ज्यांना ज्यांना शून्य लिहून दिलं त्या सगळ्यांपेक्षा त्या वेळी मी खालचा होतो.

“मागच्या बाई,” पुकारणारे म्हणाले.

मी वळलो. शेवटच्या रांगेत सासूबाई पाटी वर धरून बसल्या होत्या. पाटी त्यांनी कधी घेतली, कुणालाच पत्ता नव्हता. विजेचं बिल त्यांच्या नावावर असल्यामुळे त्यांना कसलीच अडचण आली नव्हती. मग माझा हात आपोआप वर गेला. दुर्मीळरावांचाही गेला. सासूबाईंनी आमच्या वर बोली केली. आम्ही पुन्हा चढवली. भाव रद्दीतून उठला, चालायला लागला आणि मागच्या विक्रमाच्या दिशेने निघाला, तेव्हा सासूबाईंनी आम्हा दोघांकडे एकेक नजर टाकली. आम्ही पाट्या खाली ठेवल्या. हातोडी पडली. सासऱ्यांनी मागे वळून बघितलं नाही. डोळ्यांना रुमाल लावलेल्या माणसाला तसं वळता येत नाही.

काउंटरवर सासूबाई पिशवीतून पैसे काढत होत्या, तिथे आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो. दुर्मीळराव म्हणाले, आई, आम्ही घेणारच होतो.

“बघितलं,” सासूबाई म्हणाल्या. “अहो, माझं शिवणाचं मशीन आहे त्या पुस्तकात. एवढ्या स्वस्तात कशी जाऊ देईन?”

सासऱ्यांच्या हातात पडले ते त्यांचेच पैसे, आणि दोन्ही बाजूंचं कमिशन कापून पडले. या व्यवहारात लिलावगृह सोडून सगळ्यांचं नुकसान झालं, आणि असल्या नुकसानीचा विमा आमची कंपनी उतरवत नाही. ट्रंक मी आणि दुर्मीळरावांनी दोन बाजूंनी धरून आमच्या जिन्याने वर आणली. अर्ध्यावर ते धापा टाकत म्हणाले, “वजनदार आहे.” दुर्मीळ आहे म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो.

परवा सासरे-सासूबाई आमच्याकडे आले होते. ट्रंक जागेवर, वर चादर, वर टीव्ही, शेजारी बगळा. घेणाऱ्याने पुस्तकं नेली आणि ट्रंक परत केली, असं आम्ही सासऱ्यांना सांगितलं होतं. सासरे म्हणाले, रिकामी ट्रंक कशाला अडगळ ठेवलीत? म्हटलं, आठवण म्हणून. तेवढ्यात कॅशियर चौकशीला आले, आणि सासऱ्यांनी त्यांना सगळा लिलाव पहिल्यापासून सांगितला.

“या खेपेला तीन जण होते,” ते म्हणाले. “आणि त्यात एक बाई.”

“असतात एकेक बायका वेड्या,” सासूबाई आतून, तडकलेल्या ओट्यापाशी चहा गाळता गाळता म्हणाल्या.

“वेडी कशाने?” सासरे म्हणाले. “मोठी जाणकार असणार.”

सासूबाई कप घेऊन बाहेर आल्या. त्या पुस्तकावरून त्यांनी उलट उत्तर दिलं नाही असं मी प्रथमच पाहिलं. त्यांनी सासऱ्यांच्या हातात कप दिला, कॅशियरना बगळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं, आणि ट्रंकेवरची चादर खाली जमिनीपर्यंत नीट ओढून घेतली.